पहिली शिकार : एक बंद पडलेली शाळा

शीर्षक वाचून आमच्या पुण्या-नाशिकच्या भाचे मंडळींना काळजी वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कोणी कधी शिकार केलेली नाही, आणि सत्तरी ओलांडल्यावर मी ती करायला निघालेलो नाही. उंदराचा पिंजरासुद्धा आमच्याकडे सौ. लावतात.

पण मास्तरकीची सगळी वर्षे मी नंदुरबार भागात काढली. तेव्हा हा धुळे जिल्हाच होता. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. वर्गात बसणारी निम्म्याहून जास्त मुले भिल्ल, पावरा, मावची, तडवी अशा घरांतली. त्यांच्या वडीलधाऱ्यांशी बोलता बोलता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्याकडे जसे पाटीपूजन किंवा मुंज, तसा त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या लहानपणी एक दिवस असे. वडिलांबरोबर रानडुकराच्या शिकारीला पहिल्यांदा जायचा दिवस. हा दिवस आता इतिहासजमा झाला. तो कसा झाला, हे कुठे एका जागी लिहिलेले मला सापडले नाही, म्हणून जमेल तसे मांडतो.

शिकार आपल्या मराठीत किती मुरली आहे पाहा. सावज, नेम, टप्पा, माग, हाकाटी हे शब्द आपण निवडणुकीच्या बातमीतही वापरतो. कबड्डीतला खेळाडू ‘मुसंडी’ मारतो, ती मुळात रानडुकराची. सशाच्या शिकारीला जातानासुद्धा वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, असे आपल्या आज्या सांगत. शब्द राहिले, ज्यांच्या अंगणातून ते आले ती माणसे मात्र आपल्या पुस्तकात फारशी आली नाहीत.

१९७९ साली पाचवीतल्या एका मुलाचे आजोबा शाळेत दाखल्यासाठी आले होते. सातपुड्याच्या पायथ्याचे, तळोदा तालुक्यातले गाव. वय पंचावन्नच्या आसपास असावे. दाखला तयार व्हायला वेळ होता, म्हणून ओट्यावर बसून गप्पा निघाल्या. ते पहिल्यांदा शिकारीला गेले तेव्हा आठेक वर्षांचे होते. म्हणजे साल १९३२ च्या आगेमागे.

त्यांनी जे सांगितले ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले. म्हणाले, “गुरुजी, पहिल्या दिवशी हातात तिरकामठा देत नाहीत. पाण्याचा तुंबा देतात.” पोराने पाणी वाहायचे, कुत्र्याचा दोर धरायचा आणि तोंड बंद ठेवायचे. दिवस होळीच्या आधीचे. सागाची पाने गळालेली, त्यामुळे जनावर लांबून दिसते, पण आपले पाऊलही तितकेच लांब ऐकू जाते. म्हणून दगडावरून, नाहीतर नाल्याच्या वाळूतून चालायचे. वडिलांनी चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठला आहे ते दाखवले. डुकराची नजर मंद असते, नाक मात्र भारी तिखट. वारा आपल्याकडून त्याच्याकडे असेल तर घरी परतलेले बरे.

मग वाटेवरचा धडा. ओल्या मातीत डुकराचे खूर उमटतात तेव्हा पुढच्या दोन नख्यांमागे आणखी दोन बारके ठसे दिसतात. त्यावरून ते हरणाच्या किंवा बकरीच्या पावलापासून वेगळे ओळखायचे. कंदांसाठी उकरलेली जमीन ओली आहे की वाळली, त्यावरून जनावर रात्री आले होते की चार दिवसांपूर्वी ते ठरवायचे. चिखलात लोळून आलेले डुक्कर झाडाच्या खोडाला अंग घासते. त्या चिखलाची उंची वडिलांनी पोराच्या छातीशी लावून दाखवली आणि म्हणाले, “एवढा आहे.” एवढे ऐकल्यावर पोराची कुत्र्याच्या दोरावरची मूठ आपोआप घट्ट झाली.

कळपात माद्या आणि पिल्ले असतात. पिल्लांच्या अंगावर खारीसारखे पट्टे. मोठा नर बहुधा एकटा फिरतो, त्याला शिकारी लोक ‘एकुलगा’ म्हणतात. पिल्लांच्या डुकरिणीच्या वाटेला जायचे नाही, हा दंडक. त्यात दया होती आणि शहाणपणही होते, कारण पिल्ले मागे असलेली डुकरीण माणसाला फाडायला कमी करत नाही. हाका सुरू होण्याआधी पोराला झाडावर चढवले. “काहीही झाले, कोणी ओरडले, तुझा बाप पडला तरी खाली उतरायचे नाही.” आजोबा म्हणाले, “गुरुजी, माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड शिस्त तीच.”

त्या दिवशी एक डुक्कर मिळाले. ते कसे मिळाले हे त्यांनी दोन वाक्यांत उरकले. वाटणीबद्दल मात्र ते बराच वेळ बोलत होते. ज्याचा बाण पहिला लागला त्याला मानाचा वाटा. बाकीचे सगळे वाटे सारखे. हाका करणाऱ्याला, कुत्रा आणणाऱ्याला आणि गावात जी म्हातारी एकटी राहायची तिलाही. पळसाच्या पानांवर वाटे मांडले, आणि मोजताना त्यात एक पान या आठ वर्षांच्या पोराचे धरले. वडिलांच्या वाट्यातले नव्हे, त्याचे स्वतःचे.

“त्या दिवशी मी गावात मोजला गेलो,” आजोबा म्हणाले.

मी तीसेक वर्षे हजेरीपट भरला. पण एखाद्या मुलाला ‘तू मोजला गेलास’ असे त्या पळसाच्या पानाइतके ठसठशीत कोणी सांगितलेले मी पाहिले नाही.

पहिला बाण कोणाचा, यावरून गावात भांडणेही होत. हे ऐकताना मला महाभारतातल्या वनपर्वाची आठवण झाली. तप करणाऱ्या अर्जुनावर रानडुकराच्या रूपात मूकासुर धावून येतो. अर्जुन बाण सोडतो, त्याच वेळी किराताच्या वेषातले शंकरही बाण सोडतात, आणि सावज कोणाचे यावरून दोघांची जुंपते. आपल्या परंपरेतली सर्वांत गाजलेली डुकराची शिकार ही, आणि तिथे देव उतरतो तो रानातल्या शिकाऱ्याच्या वेषात. भारवीने यावर संस्कृतात आख्खे महाकाव्य लिहिले, ‘किरातार्जुनीय’. वाद मात्र आमच्या तळोद्याच्या आजोबांनी सांगितलेलाच, पहिल्या बाणाचा.

आता साहेबांकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. डोंगरातले भिल्ल काही त्यांना जुमानेनात. फौजा पाठवून भागले नाही, तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२५ मध्ये, भिल्लांचीच एक पलटण उभारायचे ठरले. हे काम जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे आले. धरणगावला तिचे ठाणे झाले. औट्रमने भिल्लांचा विश्वास मिळवला तो मुख्यतः त्यांच्याबरोबर शिकार करून. कोणते रान, कोणता नाला, कुठे जनावर बसते, हे ज्ञान भिल्लांचे. बंदूक आणि नाव साहेबाचे. पुढे शंभर वर्षे हेच चालले. जो आपल्या रानात शिकारी होता, तो साहेबाच्या शिकारीत हाकारा झाला.

इंग्रजांना डुकराच्या शिकारीचे विलक्षण वेड होते, तेही घोड्यावरून भाल्याने करायच्या. हे आमच्या सातपुड्यात जमणारे नव्हते, त्याला मोकळे माळरान लागते. मेरठजवळ गंगेच्या खादरात या खेळाची मोठी स्पर्धा भरे, कादिर कप. १८८३ साली तो जिंकला तेराव्या हुसार्स पलटणीतल्या एका तरुण अधिकाऱ्याने. १८८९ मध्ये त्याने या शिकारीवर पुस्तकही लिहिले. त्याचे नाव रॉबर्ट बेडन-पॉवेल. होय, तोच, स्काउट चळवळीचा जनक.

ही गंमत मला फार उशिरा कळली. आमच्या शाळेत स्काउटचे पथक माझ्याकडे असे. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, शिट्टी. पुस्तकात धडे काय, तर माग काढणे, आवाज न करता चालणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, आपल्या तुकडीला सोडून न जाणे. १९०७ मध्ये बेडन-पॉवेलने इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन पहिले शिबिर भरवले. सैन्यात आणि रानावनात जे पाहिले ते त्याने मुलांसाठी सोपे करून मांडले आणि जगभर त्याचे नाव झाले. तोच अभ्यासक्रम अक्राणीच्या डोंगरात बाप मुलाला शिकवीत होता. त्याला गणवेश नव्हता आणि बिल्ला नव्हता, एवढाच काय तो फरक. डोंगरातून आलेली माझी मुले मागाच्या परीक्षेत शहाद्याच्या मुलांना सहज मागे टाकीत, यात नवल नव्हते.

राजवाड्यातही मुलाची पहिली शिकार हा मोठा सोहळा असे. पण राजाच्या पोरालाही डुक्कर ओळखत नाही. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज शिकारीचे नामांकित शौकीन. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ च्या जूनमध्ये डुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. वय एकोणीस. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. मागे राहिलेल्या सूनबाई इंदुमतीदेवी म्हणजे अकरा-बारा वर्षांची मुलगी. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येई, हे माझ्या पिढीला सांगायला नको. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून तिला शिकवले. एका शिकारीने मुलगा नेला आणि त्या घरातल्या एका मुलीची शाळा सुरू झाली. महाराजांच्या दुःखाची खोली आपण मोजू शकत नाही, पण त्यांनी त्यातून काय केले ते डोळ्यांसमोर आहे.

असो. आपल्या डोंगरात परत येऊ. तिथली शिकार बंद होत गेली ती एका दिवसात नाही. पहिला घाव १८७८ च्या वन कायद्याचा. जंगले राखीव झाली आणि राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणे, फास लावणे हा गुन्हा ठरला. १९२७ च्या कायद्यात हेच कायम राहिले. काल ज्या रानात बाप मुलाला घेऊन उघडपणे जायचा, तिथे आता नाकेदाराची चाहूल घेत जावे लागू लागले. मुलाच्या अभ्यासक्रमात लपण्याचा एक धडा वाढला. पूर्वी तो जनावरापासून लपायचा, आता माणसापासूनही.

दुसरी गोष्ट घरातूनच आली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. १९२२-२३ मध्ये आमच्या नवापूरला लागून असलेल्या डांग, सोनगड, व्यारा भागांत देवीची चळवळ उठली. देवी अंगात येऊन सांगे, दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. पुढे १९३७-३८ मध्ये तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरला गुलाम महाराज उभे राहिले. स्वतः भिल्ल. त्यांनी सांगितले, व्यसन सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्याला सावकार आणि जमीनदार ‘अरे’शिवाय बोलत नव्हता, त्याला त्याचा शेजारी ‘आप’ म्हणू लागला. मोरवडच्या आरतीला डोंगरातून हजारो माणसे पायी येत. १९३८ मध्येच महाराज गेले, पण त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले, आणि ते इतके वाढले की सरकारलाही त्याची धास्ती वाटली.

आमच्या आजोबांचे वडील त्याच वर्षी मोरवडला जाऊन आले. आल्यावर त्यांनी तिरकामठा छपराच्या वाशाला अडकवला, तो कायमचा. घरातली दारू गेली, मांस गेले. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे होते. नुकताच स्वतःचा बाण हातात आला होता.

मी विचारले, “वाईट वाटले असेल?”

ते हसले. म्हणाले, “गुरुजी, दारू गेली, आईचा मार गेला. डुक्कर गेले तर गेले.” मग थोडे थांबून, “गाव पानं मांडून एकत्र बसायचे, ते तेवढे चुकल्यासारखे वाटायचे. पण मग आरतीला बसू लागले.”

आदिवासींच्या रूढी बाहेरच्यांनी मोडल्या, असे सरसकट बोलण्याची हल्ली पद्धत आहे. त्यात तथ्य आहेच. पण या माणसाच्या घरातली शिकार कोणत्या शिपायाने बंद केली नव्हती. त्यांच्या वडिलांनी ती विचारपूर्वक सोडली होती, आणि त्या बदल्यात काय मिळाले याचा हिशेब मुलाला चांगला ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतर कायदे आणखी आवळले. १९५१ मध्ये मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा झाला, १९७२ मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा. १९७२ च्या कायद्यात परवाना काढून काही जनावरांच्या शिकारीला वाव होता. अर्ज, फी, परवाना हे कोणाला जमत होते, ते सांगायला नको. १९९१ च्या दुरुस्तीने तो वावही गेला. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे त्यात सरकारने लेखी मान्य केले. जमीन, मोहफुले, तेंदूपाने, चराई, मासेमारी, सगळ्या परंपरागत हक्कांची यादी केली, आणि शेवटी एक अपवाद घातला, शिकारीचा हक्क सोडून. मला हा अपवाद चुकीचा वाटत नाही. रान इतके विरळ झाले आहे की जुना हक्क जसाच्या तसा दिला असता तर काही शिल्लक उरले नसते. पण ज्या एका गोष्टीतून मुलाला रान वाचायला शिकवत असत, नेमकी तीच यादीबाहेर राहिली, याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी.

आता गंमत पाहा. शिकार संपली, रानडुक्कर संपले नाही. नंदुरबारच्या रानातून वाघ गेला, जंगल मागे सरले, आणि डुकराने मका, भुईमूग आणि ऊस शोधून काढला. एका रात्रीत भुईमुगाची अख्खी सरी उकरून ठेवतो. शेतकरी नुकसानभरपाईचा अर्ज करतो, पंचनाम्याची वाट पाहतो. पिकांची नासाडी करणारी डुकरे परवानगीने मारण्याची सोय महाराष्ट्रात २०१५ पासून केलेली आहे, पण ती कागदपत्रांची वाट आहे. काही जण कुंपणात चोरून वीज सोडतात, काही कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. डुकरासाठी लावलेल्या विजेच्या तारेला चिकटून माणसे गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हंगामात येतात. बॉम्ब चावून गाय-म्हैस जबडा फुटून मरते.

तारेला वारा कळत नाही. पिल्लांची डुकरीण सोडायची, हेही तिला कळत नाही. झाडावर चढवलेले पोर कोणते आणि सावज कोणते, हे तर मुळीच कळत नाही. जुन्या शिकारीत मारणे होतेच, ते मी नाकारत नाही. पण त्याला नियम होते, आणि ते नियम आठव्या वर्षी शिकवले जात होते. आजच्या मारण्याला धडाच नाही.

आजही सातपुड्यातली मुले वडिलांबरोबर रात्री शेतावर जातात, माळ्यावर बसून डबे वाजवतात. त्यांच्या आयुष्यातले पहिले रानडुक्कर ती अशी पाहतात, बॅटरीच्या उजेडात पळणारे. तळोदा-अक्कलकुवा भागात बिबट्याचे हल्ले होऊ लागल्यापासून पोरांना तिथेही न्यायला आया तयार नसतात, आणि त्यांचे बरोबरच आहे.

म्हणून मला वाटते, शिकार परत आणायची गरज नाही, पण तिच्यातली शाळा वाचवायला हवी. चार बोटांचा ठसा, ओली आणि वाळलेली उकरण, खोडावरचा चिखल, हवेत सोडलेली चिमूटभर माती. हे शिकायला बाण लागत नाही, एक म्हातारा आणि एक सकाळ लागते. आश्रमशाळांत आज कितीतरी शिक्षक त्याच घरांतून आलेले आहेत. माझे काही विद्यार्थी त्यांत आहेत आणि हे वाचतातही. त्यांना माझे सांगणे एवढेच, की गावात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल तर वही घेऊन जा. भिली-पावरीत प्रत्येक ठशाला, प्रत्येक बाणाला काय म्हणतात ते विचारून त्याच भाषेत उतरवून घ्या. पुढच्या होळीच्या आधी, पाने गळालेली असताना, सातवीचा वर्ग घेऊन नाल्याने चालत जा.

आणि परत आल्यावर खाऊ वाटाल तेव्हा पळसाच्या पानांवर वाटा. सगळ्यांत लहान मुलाचे पान वेगळे मांडा, आणि ते त्याला मोजू द्या.